महिना संपला, आता एका पानापाशी बसा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरातच एका पतसंस्थेत नोकरी करते. वय सेहेचाळीस. जानेवारीत आमच्या कॉलेजच्या मैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलं की महिनाभर रोज ३०० शब्द लिहायचे. रात्री नऊला एकजण विषय टाकायची आणि बाराच्या आत आपला लेख टाकायचा. गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेत, घर पाहुण्यांनी भरलं. अक्षतेच्या दिवशी पहाटे उठून दोन मुलांच्या आणि दिरांच्या बाराबंद्यांना, म्हणजे यात्रेतल्या पांढऱ्या पोशाखाला, इस्त्री करत बसले होते, पुण्याची जाऊ पहिल्यांदाच आलेली, तिला अक्षता पडतात त्या सम्मती कट्ट्यापर्यंत न्यायचं होतं. त्यात माझे दोन दिवस गेले. बाकी सगळे दिवस लिहिलं. पण ग्रुपचा नियम असा की सलग नसेल तर पूर्ण धरायचं नाही. म्हणजे मी नापासच.

आता मागचं वाचते तर बरंचसं शाळेतल्या निबंधासारखं वाटतं. फेब्रुवारीपासून एक ओळ लिहिलेली नाही. आईवर एक लेख लिहिला होता. आई विड्या वळायची. आता थकली आहे, कुंभारीला विडी घरकुलात भावाकडे असते. तो लेख टाकला त्या रात्री मला झोप लागली नाही. धाकटी बहीण वाचून चिडली, ‘हे चारचौघांत कशाला?’ म्हणाली. आता गुढीपाडव्यापासून मैत्रिणी पुन्हा सुरू करताहेत, या वेळी पन्नास दिवस. भाग घेऊ का? की माझ्यात लिहिणं नाहीच हे मान्य करून गप्प बसू? तीन लेख सोबत पाठवते.

– एक वाचक, सोलापूर

नमस्कार.

तुमचे तिन्ही लेख वाचले. ‘आईचा साचा’ दोनदा वाचला. मला खरं बोलायचंय ते त्याच्याबद्दल, पण आधी ते चुकलेले दोन दिवस बाजूला करू या. पत्रात त्यांचं ओझं फार दिसतंय.

सलग नसेल तर पूर्ण नाही, हा नियम खेळाला रंगत आणतो. सवय लागण्याशी त्याचा संबंध नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं. त्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी रोज करायची एकेक साधी गोष्ट निवडली, म्हणजे दुपारच्या जेवणाबरोबर फळ खायचं, असलं काहीतरी. बारा आठवडे नोंदी ठेवल्या. ती गोष्ट मनावर जोर न देता व्हायला लागेपर्यंत किती दिवस गेले याचा मधला आकडा निघाला ६६. कुणाला १८ दिवस पुरले, तर एकाला २५४ लागतील असा अंदाज आला. मधला एखादा दिवस चुकल्याने पुढच्या वाटचालीत म्हणावा असा फरक पडला नाही, हेही त्यांना दिसलं. २१ दिवसांत सवय लागते असं आपण जे सगळीकडे ऐकतो, त्याचं मूळ १९६० साली मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने नोंदवलेल्या एका निरीक्षणात आहे. रुग्णाला बदललेला चेहरा आपला वाटायला साधारण तेवढे दिवस लागतात, असं त्याला दिसलं होतं. लिहिण्याचा तिथे विषयही नव्हता.

तेव्हा एका महिन्यात लिहिणं अंगवळणी पडायला हवं होतं, ही अपेक्षाच चुकीची होती. आणि फेब्रुवारीत एक ओळ सुचली नाही त्याचं कारण मला तुमच्याच पत्रात दिसतं. तुमचं लिहिणं सुरू कसं व्हायचं? नऊला मोबाइल वाजायचा, विषय यायचा, तुम्ही मागचं आवरून बसायचात. महिनाभर जी सवय लागत होती ती ग्रुपला उत्तर द्यायची. जानेवारी संपला, मोबाइल वाजायचा थांबला, आणि उत्तर द्यायला प्रश्नच उरला नाही. याला ‘माझ्यात लिहिणं नाही’ असं नाव देऊ नका. घरातली अमुक एक वेळ, अमुक एक खुर्ची आणि वही यांची गाठ पडायची अजून राहिली आहे, एवढंच ते आहे. ऑफिसला निघण्याआधीची वीस मिनिटं मिळत असतील तर ती धरा. पाणी येण्याच्या दिवशी ती मिळणार नाहीत, हे सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. त्या दिवशी सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी बसा.

आता निबंधासारखं वाटण्याबद्दल. महिनाभर रोज लिहायची आजची जी पद्धत सगळीकडे दिसते, तिची एक मोठी सुरुवात १९९९ सालची आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या ख्रिस बेटी नावाच्या तरुणाने आणि त्याच्या मित्रमंडळींनी, सगळे मिळून २१ जणांनी, एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायची असं ठरवलं. पुढे त्यासाठी नोव्हेंबर महिना ठरला आणि जगभरातले लोक त्यात उतरले. रोजचे साधारण १,६६७ शब्द. हा उपक्रम चालवणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये काम थांबवत असल्याचं जाहीर केलं, पण पद्धत मागे राहिलीच. त्या सगळ्या खटाटोपाचं मर्म एकच होतं: महिनाभर बरं-वाईट ठरवत बसायचं नाही, पुढे सरकत राहायचं. म्हणजे हाती येईल ते कच्चं असणार, हे त्यात धरलेलंच होतं. तिथे सुरू झालेल्या काही कादंबऱ्या नंतर जगभर वाचल्या गेल्या. पण त्या महिन्यात जशा लिहिल्या तशाच्या तशा त्या छापल्या नाहीत. लेखक पुढे कितीतरी काळ त्यांच्याशी झटत राहिले. तुमच्या ग्रुपने महिना तेवढा उचलला आणि त्याच्या नंतरचं काम सांगायचं राहून गेलं. त्यामुळे तुम्ही कच्च्या मजकुराकडे पक्का म्हणून बघताय आणि स्वतःला गुण देताय.

रोजच्या लिहिण्याचा मोठा फायदा मी मानते. त्याने बसायची भीती जाते. ‘काय लिहू’ म्हणून तासभर पेन चावत बसणारी माणसं दहा मिनिटांत पहिली ओळ लिहायला लागतात. तुमच्या तिन्ही लेखांची सुरुवात मोकळी आहे, कुठे अडखळलेली नाही. हे महिन्याचं देणं आहे, ते तुमचंच राहणार. पण रोज नवा विषय येतो तेव्हा कालच्या विषयापाशी थांबायची सोय नसते. मनातलं खरं वर यायला लागतं, तोवर बारा वाजतात आणि लेख उरकावा लागतो. दुसऱ्या दिवशी ‘माझा आवडता ऋतू’.

तुमचा गड्ड्यावरचा लेख घ्या. ‘श्री सिद्धेश्वर यात्रा म्हणजे भक्तीचा महासागर’, ‘सात नंदीध्वजांची डौलदार मिरवणूक पाहताना डोळ्यांचे पारणे फिटते’. ही वाक्यं दर जानेवारीत आपण सगळे वाचतो, म्हणून ती हाताशी तयार असतात. घाईत माणूस हाताशी असेल तेच उचलतो. आणि ज्या दोन दिवसांत तुम्ही काहीच लिहिलं नाही, ते बघा पत्रात कसे उतरलेत: पहाटेची इस्त्री, तीन बाराबंद्या, पुण्याच्या जावेला गर्दीतून सम्मती कट्ट्याकडे नेणं. तिने अक्षता कशा टाकल्या? सगळ्यांच्या बरोबर टाकल्या, की भांबावून मुठीतच धरून ठेवल्या? मला ते वाचायचं आहे. चुकलेल्या दिवसांनी तुमचं काही नेलेलं नाही.

आता ‘आईचा साचा’.

पान कापायचा तो पत्र्याचा चौकोनी तुकडा, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, तुम्ही पहिल्याच ओळीत समोर ठेवलात. मग हे लिहिलंत: ‘आई पान कापायला बसली की कात्रीचा आवाज चालू असायचा. तो थांबला की आम्ही बहिणी अभ्यासातून मान वर करायचो, कारण आवाज थांबला म्हणजे दारात कुणीतरी आलेलं असायचं.’ मी इथे वाचायची थांबले. सोलापुरातल्या विडी कामगार बायकांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यांची मजुरी, त्यांचे मोर्चे, २००६ साली कुंभारीला उभं राहिलेलं १०,००० घरांचं गोदूताई परुळेकर घरकुल, हे सगळं नोंदलेलं आहे आणि नोंदायलाच हवं होतं. कात्री थांबल्यावर दोन मुलींनी वर केलेली मान मात्र कुठल्याच अहवालात सापडणार नाही. ती फक्त तुमच्याकडे आहे.

आणि लगेच पुढची ओळ: ‘आईच्या कष्टांना सीमा नव्हती. ती माउली आमच्यासाठी चंदनासारखी झिजली.’ इथे लेख संपतो. मला वाटतं, इथे बारा वाजत आले होते.

ही दोन वाक्यं खोडा आणि त्यांच्या जागी बसून राहा. दारात कोण यायचं? उधारी मागायला येणारा, की शेजारीण, की कामावरून वेळेआधी परतलेले वडील? प्रत्येकासाठी आई तशीच थांबायची का? मांडीवर तंबाखूचं सूप असताना चटकन उठता येत नाही, मग ती बसल्या जागेवरून बोलायची की तुमच्यापैकी एकीला पुढे पाठवायची? पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायचं काम कुणाकडे होतं? शाळेतून आल्यावर तुम्ही दोघी विड्यांची तोंडं मोडायला बसायचात का, आणि दोरा कुठल्या रंगाचा होता? हजार विड्यांचे पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून ती कारखान्यात न्यायची, तेव्हा तपासणाऱ्याने काही विड्या बाजूला काढल्या तर त्या दिवशी घरी येऊन ती काय करायची? स्वयंपाकाला लागायची, की आधी गप्प बसायची? एका प्रश्नाला एक दिवस द्या. ३०० शब्द होतील, कधी ४० होतील. मोजू नका. एखादं उत्तर आठवणारच नाही. ‘हे मला आठवत नाही’ असंही लिहिता येतं, आणि वाचणाऱ्याला ते खरं वाटतं.

हा लेख लिहून झोप लागली नाही, याची भीती बाळगू नका, पण त्याकडे दुर्लक्षही करू नका. जेम्स पेनबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली, त्यांची विद्यार्थिनी सँड्रा बील हिच्याबरोबर, एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात जड आठवणीबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी घडलेलंही लिहिलं आणि वाटलेलंही लिहिलं, त्यांना लिहून उठल्यावर जास्तच उदास वाटत होतं. पुढच्या सहा महिन्यांत मात्र तीच मुलं दवाखान्यात कमी वेळा गेली. नंतर असे पुष्कळ प्रयोग झाले. फायदा दिसतो, पण सरासरी लहान असतो आणि सगळ्यांना होतो असंही नाही. म्हणून हे औषध समजून करू नका. एका रात्रीची झोप जाणं समजण्यासारखं आहे. रात्रीमागून रात्री तसंच होत राहिलं तर वही मिटा, घरातल्या कुणाशी तरी बोला, लागलं तर डॉक्टरांशी बोला. आणि हा विषय रात्री अकराला घेऊ नका. सकाळी घ्या, म्हणजे नंतर आंघोळ असते, डबा असतो, ऑफिस असतं, माणूस आपोआप त्यातून बाहेर येतो.

बहिणीचा राग मला अनाठायी वाटत नाही. तिचंही बालपण त्याच घरात गेलं. ज्या दिवसांबद्दल तुम्हाला आता बोलावंसं वाटतंय, त्याच दिवसांतून ती कदाचित फार कष्टाने बाहेर पडली असेल. शाळेत कुणी तरी ‘तुझ्या अंगाला तंबाखूचा वास येतो’ म्हणालं असेल, आणि ते तिने तुम्हाला कधी सांगितलंही नसेल. तिला पटवायला जाऊ नका. तिला विचारा, तुला त्या घरातलं काय आठवतं? तिने सांगितलं तर ऐका, आणि तिचं सांगणं तिच्या परवानगीशिवाय लेखात घालू नका.

पण आधी आईकडे जा. तुमच्या पत्रात मला एकच गोष्ट खटकली: लेख ग्रुपवर गेला, बहिणीपर्यंत पोचला, आणि जिच्यावर लिहिलाय तिला तो अजून माहीत नाही. तिसऱ्या लेखात तुम्ही लिहिलंय की घरात तेलुगू बोलता आणि आईला मराठी वाचता येत नाही. उत्तमच झालं. लेख हातात घेऊन बसा आणि तिला तेलुगूत सांगत जा. वाचून दाखवू नका, सांगा. ती मध्येच म्हणेल, तसं नव्हतं ते. साचा माझा नव्हताच, सासूबाईंचा होता, किंवा असंच काहीतरी, जे आज तुम्हाला ठाऊक नाही. लहानपणच्या आठवणीत आपण आईचा फक्त आवाज ऐकलेला असतो. तिच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं ते तिच्याकडूनच कळतं, आणि आता ती थकलीय म्हणता, तर हे काम लांबवू नका. तिने ‘हे बाहेर देऊ नको’ म्हटलं तर देऊ नका. वहीत लिहीत राहायला तिची हरकत असणार नाही.

अजून एक, अगदी साधी गोष्ट. तुमचं महिनाभराचं सगळं लिखाण व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये अडकलंय. मोबाइल बदलला, कुणी ग्रुप बंद केला, की गेलं. या रविवारी बसून ते सगळं एका वहीत स्वतःच्या हाताने उतरवून काढा. फाइलमध्ये चिकटवणं सोपं आहे, तेही करा, पण हाताने उतरवताना माणूस हळू वाचतो आणि कुठे पाट्या टाकल्या ते बोटांना कळतं. उतरवताना दुरुस्त्या करू नका. लिहिण्याआधी जे तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि लिहिताना सापडलं, अशा ओळीखाली फक्त पेन्सिलीने रेघ मारा. तीन लेखांत मला अशा चार जागा दिसल्या. बाकीच्यांत आणखी असणार. ज्या लेखात एकही रेघ पडणार नाही, त्याच्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. त्या रात्री तुम्ही बसलात, त्याचं काम तेवढंच होतं.

राहिला गुढीपाडवा. मैत्रिणींना सोडू नका. चाळिशी ओलांडलेल्या बायका रात्री नऊनंतर एकमेकींचं लिखाण वाचतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण पन्नास दिवस पन्नास विषयांवर लिहायला या वेळी नाही म्हणा. कारण सरळ सांगा, की जानेवारीतला एक लेख अर्धा राहिलाय आणि त्यालाच बसायचं आहे. त्यांचे लेख वाचा, आवडलेली ओळ कोणती ते त्यांना कळवा, नुसता अंगठा नको. एखादीला तुमच्यासारखंच एखाद्या जुन्या लेखाकडे परत जायचं असेल तर आठवड्यातून एकदा दोघी मिळून बसा. मोबाइलवर बसू नका, कुणाच्या तरी घरी समोरासमोर बसा, आणि मोठ्याने वाचा. मोठ्याने वाचताना ‘चंदनासारखी झिजली’ तोंडातून निघत नाही, असा माझा अनुभव आहे.

आईवरचं लिखाण पुरं झालं आणि तिची हरकत नसेल, तर मला पाठवा. कितीही लांब झालं तरी चालेल, मी सगळं वाचीन.